मुक्या मुलाचा बाप
कुटुंब अभ्यास : समूहसभेसाठी



या वेळच्या समूहसभेसाठी एक जुना चित्रपट आणि शुभवर्तमानातील एक उतारा एकत्र घेतला आहे. चित्रपट इंग्रजी आहे, नाव 'द प्राउड रेबेल', साल १९५८. उतारा संत मार्ककृत शुभवर्तमानातील आहे, अध्याय ९, ओव्या १४ ते २९. दोन्हींत एक बाप आहे, त्याचा मुका मुलगा आहे, आणि या मुलाला बरे करील असा कोणीतरी शोधत तो बाप हिंडतो आहे. ज्यांना चित्रपट पाहणे जमणार नाही त्यांच्यासाठी कथा इथे थोडक्यात देतो. उतारा मात्र प्रत्येकाने घरी वाचून यावा.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण राज्यांमध्ये यादवी युद्ध झाले. जॉन चँडलर हा हरलेल्या दक्षिणेकडचा सैनिक. युद्धात त्याचे घर जळाले आणि बायको त्या आगीत गेली. दहा-अकरा वर्षांच्या डेव्हिडने ते डोळ्यांनी पाहिले आणि त्याची वाचा बसली. कान शाबूत, बुद्धी शाबूत, पण तोंडातून शब्द नाही. बाप त्याला घेऊन गावोगाव डॉक्टर शोधत निघतो. सोबतीला फक्त एक कुत्रा, लान्स. मेंढ्या वळण्यात तो इतका तरबेज की पाहणारा थक्क व्हावा.

इलिनॉय राज्यातील एका गावात मेंढपाळ बर्ली कुटुंबाची दांडगट मुले कुत्र्यावर हात टाकतात. मारामारी होते आणि दोष परक्या माणसावर येतो. न्यायाधीश सांगतो, तीस डॉलर दंड किंवा तीस दिवस कैद. लिनेट मूर नावाची, एकटीने शेत सांभाळणारी स्त्री पुढे येऊन दंड भरते आणि त्या बदल्यात चँडलरने तिच्या शेतावर राबावे असे ठरते. गावात डेव्हिस नावाचा एक भला डॉक्टर आहे. मिनेसोटा राज्यातला एक शल्यचिकित्सक या मुलाला बरे करू शकेल असे तो सांगतो. पण त्याला पैसा लागतो, आणि चँडलरपाशी तर अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नाही.

म्हणजे काहीच नाही असे नाही. कुत्रा आहे. एक व्यापारी त्या कुत्र्याचे तीनशे डॉलर द्यायला तयार आहे.

आपल्या अभ्यासाचा खरा विषय इथे सुरू होतो. चँडलर पहिल्यांदा साफ नकार देतो, कारण आई गेल्यावर त्या मुलाला जवळ घेऊन झोपायला उरलेला एकच जीव म्हणजे तो कुत्रा. पण दिवस जातात, मुलगा बोलत नाही, आणि शेवटी बाप मनाचा दगड करून कुत्रा विकतो. मुलाला यातले काही सांगत नाही. लिनेट मुलाला घेऊन मिनेसोटाला जाते, शस्त्रक्रिया होते, आणि तिचा काहीही उपयोग होत नाही. मुलगा मुकाच परततो आणि येताच कुत्रा शोधतो. कुत्रा नसतो. मग तो बापाकडे ज्या नजरेने पाहतो, तेवढ्यासाठी हा चित्रपट पाहावा.

बापाचे चुकले का? समूहात हा प्रश्न विचारला की पाच मिनिटांत दोन बाजू पडतील, आणि पडू द्याव्यात. काही म्हणतील, मुलाची वाचा मोठी की कुत्रा? आपण पोरांच्या आजारपणात मंगळसूत्र गहाण ठेवतो, जमिनीचा तुकडा विकतो, तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात! हे म्हणणे खोटे नाही. पण चँडलरने स्वतःचे काही विकले असते तर ती गोष्ट वेगळी झाली असती. त्याने विकले ते मुलाचे होते, आणि त्याला न विचारता विकले. बापाचा हेतू शुद्ध होता, त्याग खरा होता, तरी मुलाच्या बाजूने पाहिले तर एके दिवशी आई गेली आणि एके दिवशी कुत्रा गेला. दोन्ही वेळा कोणी त्याला आधी काही सांगितले नाही.

आपल्या घरांत कुत्रा विकण्याची वेळ बहुधा येत नाही. वेगळ्या गोष्टी होतात. आई जाते. सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर मांडवातच मोठी माणसे बसतात आणि ठरवतात : मुलगी लहान आहे, तिला मावशीकडे ठेवू. मुलाला बोर्डिंगला घालू. बापाला काय, तो कामाला जाणार, त्याला डबा आत्या पोचवील. हे सगळे मायेपोटीच होते, आणि काही घरांत दुसरा इलाज नसतोही. पण ज्यांच्याबद्दल हे ठरते ती मुले त्या वेळी ओटीवर बसलेली असतात आणि सगळे ऐकत असतात. आईबरोबर भाऊ गेला, बहीण गेली, शाळा गेली, उशाखालची गोधडीही गेली, हा हिशेब कोणी मांडत नाही.

आता चित्रपटाचा शेवट. तो कुत्रा हातोहाती त्याच बर्लीकडे पोचतो. चँडलर परत मागायला जातो आणि बर्ली त्याला सापळ्यात पकडू पाहतो : कुत्रा घेऊन जाताना चोर म्हणून गोळी घालायची. मागून बंदूक रोखलेली डेव्हिडला दिसते. आणि इतकी वर्षे बंद असलेला गळा उघडतो. बापाला सावध करण्यासाठी मुलगा ओरडतो.

चित्रपट म्हणून यात उणिवा आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. शेवटचा तिढा बंदुकीनेच सुटतो. नायक दक्षिणेच्या सैन्यातला, पण ज्या गुलामगिरीसाठी दक्षिणेची राज्ये लढली तिच्याबद्दल चित्रपट मूग गिळून बसतो. मध्ये तो रेंगाळतोही. तरी एक गोष्ट त्यात खरी उतरली आहे. चँडलरचे काम ॲलन लॅड या नटाने केले आणि डेव्हिडचे काम त्याच्या स्वतःच्या मुलाने, डेव्हिड लॅडने. बापाचा हात मुलाच्या खांद्यावर पडतो तो नटाचा हात वाटत नाही. दिग्दर्शक मायकल कर्टिझ, 'कॅसाब्लांका' बनवणारे. लिनेटच्या भूमिकेत ऑलिव्हिया डी हॅविलंड.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना ही कथा ओळखीची वाटली असेल. बरोबर आहे. किशोरकुमार यांनी १९६४ साली याच कथेवरून 'दूर गगन की छांव में' हा हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शन त्यांचे, संगीत त्यांचे, सैनिक शंकरची भूमिका त्यांची, आणि मुक्या रामूच्या भूमिकेत त्यांचा मुलगा अमितकुमार. लोकांना हसवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने असा गंभीर चित्रपट काढावा याचे तेव्हा नवल वाटले असणार. त्यातले बापाने मुलाला ऐकवलेले गाणे अजून रेडिओवर लागते, आणि ते शब्दही किशोरकुमार यांचेच आहेत. ज्याला उत्तर देता येत नाही अशा मुलासाठी बाप गातो आहे, हे लक्षात ठेवून ते गाणे एकदा पुन्हा ऐकावे. ज्यांना इंग्रजी समजायला जड जाते त्यांनी हा हिंदी चित्रपट पाहिला तरी चालेल.

आता शुभवर्तमानाकडे वळू.

प्रभू येशू पेत्र, याकोब व योहान यांच्यासह डोंगरावरून खाली येतो. रूपांतराचा प्रकाश नुकताच पाहून आलेली ही माणसे. खाली काय चालले आहे? बाकीचे शिष्य आणि शास्त्री यांचा वाद रंगला आहे आणि भोवती गर्दी जमली आहे. वाद ज्याच्यामुळे सुरू झाला तो मुलगा आणि त्याचा बाप मात्र त्या गर्दीत कुठेतरी उभे आहेत. बापाने मुलाला शिष्यांकडे आणले होते, त्यांना जमले नाही. मग चर्चा सुरू झाली. आजारी माणसाच्या दारात डॉक्टरांचे भांडण लागावे तसे.

प्रभू मुलाला आणायला सांगतो. मुलगा झटका येऊन जमिनीवर पडतो. आणि त्या वेळी येशू काय करतो हे नीट वाचा (ओवी २१). तो लगेच बरे करीत नाही. तो बापाला विचारतो, याला हे किती दिवसांपासून होत आहे? येशूला माहीत नव्हते म्हणून विचारले, असे आपण म्हणणार नाही. मग का विचारले? बापाला बोलता यावे म्हणून. आजवर त्या बापाला सर्वांनी उपाय सांगितले असतील, दोष दिला असेल, कोणाच्या पापाचे हे फळ अशी कुजबुजही झाली असेल. कधीपासून, असे कोणी विचारले नव्हते. आणि बाप बोलू लागतो : लहानपणापासून, कितीदा आगीत पडला, कितीदा पाण्यात. चँडलरच्या मुलाची वाचाही आगीतच गेली, हा योगायोग वाचताना मनात येतोच.

पुढे तो बाप दयेची याचना करतो. त्याचे शब्द पाहा. 'त्याला' मदत कर असे तो म्हणत नाही. तो 'आम्हांला' म्हणतो. आजार मुलाचा, पण बुडाले आहेत दोघे. बापाची जीभ चालते एवढाच फरक. आणि येशूने विश्वासाबद्दल विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर ख्रिस्ती लोकांनी दोन हजार वर्षे आपली प्रार्थना म्हणून वापरले आहे : विश्वास आहे असेही तो म्हणतो, आणि विश्वास कमी पडतो आहे, सांभाळून घे, असेही म्हणतो. एका दमात दोन्ही. येशू त्याला परत पाठवत नाही, आधी पुरेसा विश्वास घेऊन ये असे सांगत नाही. तेवढ्यावर मुलगा बरा होतो. लोकांना वाटते तो मेला. येशू त्याचा हात धरून त्याला उभे करतो.

या बापाला बायको होती की नव्हती हे शुभवर्तमान सांगत नाही, आणि आपण ते त्यात घालू नये. पण पवित्र शास्त्रात विधुर बाप आहे. त्याचे नाव याकोब. उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात एफ्राथच्या, म्हणजे बेथलेहेमच्या वाटेवर राहेल बाळंत होते आणि मरते. मरता मरता ती मुलाचे नाव बेनओनी ठेवते, माझ्या दुःखाचा पुत्र अशा अर्थाचे. याकोब ते नाव बदलून बेन्यामीन करतो, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र. राहेलवर त्याचे किती प्रेम होते हे आपण जाणतो. तिचा शेवटचा शब्द मोडणे त्याला सोपे गेले नसेल. तरी त्याने तो मोडला. आईच्या मरणाची पाटी मुलाच्या गळ्यात आयुष्यभर राहू नये म्हणून.

आपल्याकडे अजून म्हणतात, पांढऱ्या पायाची पोर, जन्मली आणि आईला घेऊन गेली. ख्रिस्ती घरांतही म्हणतात. हे बोल ज्या घरात ऐकू येतात तिथे याकोबासारखे उठून ते नाव बदलणे हे बापाचे काम आहे, आणि आजी असली म्हणून गप्प बसायचे कारण नाही.

याकोब सगळेच बरोबर करतो असे मात्र नाही. योसेफाला तो लाडाचा झगा शिवून देतो आणि भावंडांत वैर लावतो. पुढे बेन्यामीनला डोळ्यांआड करायला तयार होत नाही, मग घरात धान्य संपले तरी. मेलेल्या बायकोला तो मुलांमध्ये धरून ठेवू पाहतो. एक गोष्ट मात्र तो फार उशिरा करतो, पण करतो : मरणाच्या आधी, ४८ व्या अध्यायात, तो योसेफाला त्याच्या आईबद्दल सांगतो. ती वाटेत कशी वारली, कुठे पुरली. योसेफ तेव्हा मुलाबाळांचा बाप झालेला आहे.

इतका उशीर करू नये. आईचा फोटो भिंतीवर लावून हार घालतात आणि तिचे नाव घरात काढायचे बंद करतात, पोरे रडतील म्हणून. खरे तर पुष्कळदा आपल्याला रडू येईल म्हणून. पोरांना वाटते, आईबद्दल बोलणे हा गुन्हा आहे. मग ती गप्प होतात. चित्रपटातल्यासारखी वाचा अगदी बसते असे क्वचितच होते. पण अंथरूण ओले होऊ लागते, झोपेत दचकते, अभ्यासात मागे पडते, विनाकारण पोट दुखते. महिनोन्‌महिने असे चालू राहिले तर शाळेतल्या बाईंना सांगावे, समुपदेशकाकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही. आणि 'बोल, बोल' म्हणून मागे लागू नये.

आणखी एक. आई झोपली आहे, असे लहान मुलाला सांगू नका. काही मुले मग झोपायलाच घाबरतात. देवाला ती आवडली म्हणून त्याने नेली, हेही सांगू नका. ज्याने आई नेली त्या देवाकडे मूल रात्री हात जोडून कसे बघेल? देवाने मृत्यू निर्माण केला नाही, असे ज्ञानग्रंथाच्या पहिल्या अध्यायातच (१:१३) सांगितले आहे, आणि लाजरसच्या कबरेजवळ येशू स्वतः रडला. आई मेली, आपल्याला फार वाईट वाटते, ती देवाजवळ आहे, आपण तिला पुन्हा भेटू अशी आपली श्रद्धा आहे. एवढे पुरे. मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारील. दहा वेळा तेच सांगावे.

आता एका अशा बापाबद्दल, जो चित्रपटातला नाही. पोलंडमधील वादोविचे गावी एक निवृत्त लष्करी अधिकारी राहत असे. १९२९ च्या एप्रिलमध्ये त्याची पत्नी एमिलिया वारली; धाकटा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. तीन वर्षांनी, १९३२ च्या डिसेंबरात, डॉक्टर असलेला थोरला मुलगा एडमंड रुग्णाकडून लागण होऊन गेला. उरले दोघे. बाप स्वयंपाक करी, शिंपीकाम येत असल्याने मुलाचे कपडे शिवी, त्याचा अभ्यास घेई. मुलाला रात्री जाग आली की कधी कधी बाप गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसे. मोठेपणी त्या मुलाने लिहून ठेवले की त्याचे पहिले गुरुकुल म्हणजे वडिलांचे ते घर. १९४१ च्या फेब्रुवारीत, नाझी अमलाखालील क्राकाव शहरात, मुलगा घरी परतला तर वडील मरण पावलेले. मुलाचे नाव कारोल वोयतिवा, म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे, २०१४ पासून संत. वडिलांचे नावही कारोलच.

हे उदाहरण वाचून एखादा विधुर बाप म्हणेल, मला हे जमणार नाही. मला वरण-भात धड येत नाही, मुलीची वेणी घालता येत नाही. ठीक आहे. वेणी शिकता येते, आणि वाकडी असली तरी शाळेत चालते. बाप काहीतरी शिकतो आहे हे मुलीला दिसते. संत तेरेजाचे वडील संत लुई मार्टिन हे १८७७ साली विधुर झाल्यावर पाच मुलींना घेऊन लिझ्युला राहायला गेले, कारण तिथे त्यांच्या दिवंगत पत्नीचा भाऊ व भावजय होती. आधार घेणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही, पण मुलींना स्वतःजवळच ठेवले.

दुसऱ्या लग्नाचा विषय या अभ्यासात निघणारच. ख्रिस्तसभा जोडीदाराच्या मृत्यूनंतर विवाहाची पूर्ण मोकळीक देते; संत पौल ते स्पष्ट लिहितो (१ करिंथ ७:३९), तिथे उल्लेख पत्नीचा असला तरी न्याय दोघांनाही सारखाच. प्रश्न परवानगीचा नाही, घाईचा आहे. महिन्याची मिस्सा झाली नाही तोच स्थळे येऊ लागतात, 'पोरांना आई हवी' म्हणून. पोरांना हवी असलेली आई ती विशिष्ट बाई होती. तिची जागा भरायला येणाऱ्या स्त्रीवर हा केवढा बोजा. चित्रपटातली लिनेट डेव्हिडची आई व्हायला येत नाही. ती त्याला जेवू घालते, त्याच्याशी बोलते, वाट पाहते. पुढचे पुढे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रात (परिच्छेद २५२) एकट्या पालकाच्या कुटुंबाला ख्रिस्ती समूहातील इतर कुटुंबांनी आधार द्यावा असे म्हटले आहे. आपल्या समूहात विधवा बहिणीची चौकशी होते, सोडॅलिटीच्या बाया जातात, विन्सेंट दी पॉलची मदत पोचते. विधुराकडे कोण जाते? पुरुषमंडळी अंत्यविधीला खांदा देतात आणि नंतर रस्त्यात भेटला तर क्रिकेटचे बोलतात. त्याच्या घरी संध्याकाळी साडेसातला, जेव्हा पोरांचा अभ्यास, भाताचा कुकर आणि रोझरी एकदम येतात, तेव्हा जाऊन एक तास बसणारा पुरुष हवा. समूहप्रमुखांनी या सभेत अशी किमान दोन नावे लिहून घ्यावीत, आणि कोणत्या वारी कोण जाणार हेही.

सभेची मांडणी अशी असावी. सुरुवातीला मार्कचा उतारा एका पुरुषाने वाचावा, ओवी २४ नंतर थांबून थोडी शांतता ठेवावी. मग कुत्रा विकल्याचा प्रसंग सांगून बापाचे बरोबर की चूक यावर चर्चा व्हावी. यात मुलांनाही बोलू द्यावे, आणि तरुणांना आधी. त्यानंतर ज्यांच्या घरी आई किंवा बाप लवकर गेले, त्यांतील कोणाला सांगावेसे वाटले तर त्याने सांगावे. नाव घेऊन कोणालाही आग्रह करू नये. विधुर भाऊ सभेला आले असतील तर त्यांना उपदेश नको. येशूने त्या बापाला विचारले तेच विचारावे : किती दिवस झाले? आणि मग ऐकावे. शेवटी दिवंगत मातांची नावे वाचून एक 'नमो मरिया' म्हणावी. नावांच्या चिठ्ठ्या येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सापर्यंत सॅक्रिस्टीत आणून द्याव्यात.